पहिल्यांदाच कामासाठी मुंबईला जाताना

कोल्हापूर, लातूर किंवा जळगावहून व्यवसायाच्या कामासाठी पहिल्यांदा मुंबईला जाणारा माणूस बहुधा नकाशावर दोन ठिकाणांमधील अंतर पाहतो आणि त्यावरून भेटींच्या वेळा ठरवतो. माझेही तसेच झाले होते. सकाळी दहाची भेट अंधेरीला सीप्झ या निर्यात उद्योगांच्या वसाहतीजवळ आणि दुपारी बाराची विक्रोळीला घेतली होती, कारण नकाशावर ही दोन ठिकाणे फार लांब दिसत नव्हती. प्रत्यक्षात जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावर रिक्षात दीड तास गेला आणि ज्यांच्याकडे पोहोचायचे होते ते साहेब तोपर्यंत दुसऱ्या बैठकीला निघून गेले होते. मुंबईत किती किलोमीटर जायचे आहे याला फारसे महत्त्व नाही. दोन्ही ठिकाणे एकाच रेल्वेमार्गावर आहेत की नाहीत आणि आपण कोणत्या वेळी निघणार आहोत, हे आधी पाहावे लागते.

शहर दक्षिणोत्तर लांबट आहे आणि लोकलचे मुख्य मार्गही तसेच धावतात. पश्चिम मार्ग चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली करत विरार व पुढे डहाणूपर्यंत जातो. मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजे सीएसएमटीहून, दादर, ठाणे, कल्याणकडे जातो आणि हार्बर मार्ग वाशी, पनवेलला पोहोचवतो. या मार्गांवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे सोपे असले तरी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना वेळ जातो. म्हणून एका दिवसात एकाच मार्गावरची कामे घ्यावीत. ठाणे, विक्रोळी आणि भायखळा ही कामे एका दिवसात होतात. ठाणे, मालाड आणि तुर्भे ही तीन मात्र एका दिवसात धरू नयेत, कारण त्यातले एखादे तरी अर्धवट राहतेच.

आडव्या प्रवासासाठी २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो उपयोगी आहे. त्याहून मोठा बदल ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्रो ३ ने केला आहे आणि जुन्या अनुभवावर सल्ला देणाऱ्यांना तो अजून पुरता उमगलेला नाही, असे मला वाटते. आरे ते कफ परेड या सुमारे साडेतेहतीस किलोमीटरच्या मार्गावर २७ स्थानके आहेत आणि त्यांतली बरीचशी नेमकी कामाच्या माणसाला लागणारी आहेत: सीप्झ, अंधेरीची एमआयडीसी, विमानतळाची दोन्ही टर्मिनले, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, वरळी, काळबादेवी, सीएसएमटी, चर्चगेट आणि विधान भवन. मरोळ नाक्याला ती घाटकोपरच्या मेट्रोला जोडलेली आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात लोकलचे स्टेशन नाही. पूर्वी वांद्रे पूर्वेला किंवा कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागत असे, ती पायपीट आता बरीच वाचते. मात्र भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असे धरू नये. भेटीचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.

पत्ता घेताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवू नये: जवळचे स्टेशन कोणते आणि ते पूर्व की पश्चिम. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम ही एकाच स्टेशनच्या दोन बाजूंची नावे असली तरी गर्दीच्या वेळी रस्त्याने एका बाजूकडून दुसरीकडे जायला अर्धा तास सहज लागतो. आपल्याकडे एमआयडीसी म्हटले की गावाबाहेरची एकच वसाहत डोळ्यांसमोर येते. मुंबईच्या परिसरात मात्र अंधेरी पूर्व, महापे-रबाळे, तळोजा आणि डोंबिवली इथे वेगवेगळ्या एमआयडीसी आहेत आणि ठाण्याची वागळे इस्टेट आणखी निराळी आहे. समोरचा माणूस रोज तिथेच जात असल्याने तो नुसते “एमआयडीसीत या” म्हणतो. त्यात त्याची चूक नसते, पण विचारून घेणे ही आपली जबाबदारी आहे.

सकाळी साधारण आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे जाते आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ ती उत्तरेकडे परतते. सवय नसलेल्या माणसाने, विशेषतः हातात नमुन्यांची पेटी असताना, या वेळेत गर्दीच्या दिशेने जाणाऱ्या जलद लोकलमध्ये चढू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण दारात लटकणारी माणसे पाहून “आपणही जाऊ” असे वाटते आणि अपघात तिथेच होतात. शक्य असल्यास उलट दिशेची भेट सकाळी घ्यावी. सीएसएमटीजवळ उतरलेल्या माणसाला सकाळी नऊला ठाण्याकडे जाणारी गाडी तुलनेने मोकळी मिळते. संध्याकाळी बोरिवलीला उतरायचे असेल तर विरार फास्ट टाळून बोरिवलीपर्यंतचीच गाडी धरावी, नाहीतर दारापर्यंत पोहोचण्याआधीच गाडी पुढे निघते. प्रथम वर्गाचे तिकीट द्वितीय वर्गापेक्षा कितीतरी महाग असते, आणि चुकून त्या डब्यात चढलात तर किमान २५० रुपये दंडाची तयारी ठेवावी लागते. म्हणून फलाटावरची डब्याची खूण पाहूनच उभे राहावे. एम-इंडिकेटर हे ॲप घरूनच मोबाइलवर घेऊन ठेवावे, त्यात लोकलचे वेळापत्रक मिळते.

रिक्षा मुंबईत सगळीकडे चालत नाही. पश्चिमेला माहीमच्या आणि मध्य मार्गावर शीवच्या दक्षिणेस रिक्षाला परवानगी नाही. तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्यावी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरसाठी रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहे, मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत त्यावर पंचवीस टक्के अधिक द्यावे लागतात. माझा अनुभव असा आहे की मीटरप्रमाणे नेणारे चालक या शहरात भरपूर आहेत. फक्त लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरल्यावर “कुठे जायचे साहेब” म्हणत फलाटापर्यंत येणाऱ्या माणसाबरोबर न जाता बाहेरच्या रांगेतली टॅक्सी घ्यावी.

मुक्कामासाठी “मध्यवर्ती म्हणून दादर” हा नेहमीचा सल्ला डोळे झाकून मानू नये. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या भेटीच्या जवळ राहावे. म्हणजे सकाळची गर्दी आपोआप टळते. रात्रीच्या गाडीने येऊन त्याच रात्री परतणाऱ्याला हॉटेलची गरजच नसते. महालक्ष्मी एक्स्प्रेससारख्या गाडीने सकाळी पोहोचल्यावर स्टेशनच्या प्रतीक्षालयात आवरून सामान क्लोकरूममध्ये ठेवता येते. क्लोकरूममध्ये देण्याच्या पिशवीला कुलूप लावलेले असावे. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, तिथे काही तासांसाठीही झोपण्यापुरती जागा मिळते. हॉटेलात राहणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात घ्यावा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. बिल फर्मच्या नावानेच घ्यावे, खर्च दाखवायला ते लागते.

खरेदीचे काम असेल तर बाजाराचे वेळापत्रक पाळावे लागते. विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, हत्यारे व यंत्रांच्या सुट्या भागांसाठी नागदेवी, कापडासाठी मुळजी जेठा व मंगलदास मार्केट, हे सगळे सीएसएमटी, मशीद बंदर आणि काळबादेवीच्या मधल्या पट्ट्यात पायी फिरण्याजोगे आहे. तिथे सकाळी अकराच्या आधी जाऊन फारसा उपयोग नसतो आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. धान्य, मसाले, कांदा-बटाटा, फळे आणि भाजी यांच्या घाऊक व्यवहारासाठी मात्र वाशीची बाजार समिती गाठावी लागते. मंत्रालयात काम असेल तर ते दुपारनंतरचे धरावे आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण प्रवेशाचा पास मिळवण्यात वेळ जातो. मोठ्या कंपन्यांच्या इमारतींतही दरवाजावर नोंद, छायाचित्र आणि लॅपटॉपची तपासणी यांत वीस मिनिटे जातात. अकराच्या भेटीसाठी पावणेअकराला नव्हे, साडेदहाला दारात असावे.

उशीर होणारच असेल तर अर्धा तास आधी फोन करून आपण कोणत्या स्टेशनवर आहोत ते सांगावे. मुंबईतल्या माणसाला स्टेशनचे नाव ऐकून आपण कधी पोहोचू याचा अंदाज येतो आणि तो समजून घेतो. न कळवता आलेला उशीर मात्र त्याच्या लक्षात राहतो. बोलण्याची सुरुवात मराठीत करायला संकोच करू नये. समोरच्याला हिंदी किंवा गुजराती सोयीची असेल तर ते लगेच कळते, पण पुष्कळदा समोरचा माणूस साताऱ्याचा किंवा बीडचा निघतो आणि व्यवहाराची बोलणी त्याच ओळखीतून सोपी होतात.

जून ते सप्टेंबर या काळात जाणाऱ्याने भरतीची वेळ पाहून निघावे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जात नाही आणि हिंदमाता, शीव, कुर्ला हे भाग तुंबतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी हजारो लोक होते तिथेच रात्रभर अडकले. इशारा असेल तर भेट पुढे ढकलायला लाजू नये. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर विचारणा करता येते. गणेशोत्सवात लालबाग-परळ आणि विसर्जनाच्या दिवशी गिरगावची बाजू रस्त्याने जवळजवळ बंदच धरावी. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही गाड्या बंद किंवा उशिरा असतात, त्यामुळे रविवारी संध्याकाळची परतीची गाडी असेल तर त्या दिवसाचे वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

परतीच्या तिकिटावर गाडी कुठून सुटते ते नीट वाचावे. लोकमान्य टिळक टर्मिनसला “कुर्ला टर्मिनस” म्हणण्याची सवय आहे, पण कुर्ला स्टेशनपेक्षा हार्बर मार्गावरचे टिळकनगर त्याला जवळ पडते. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशन हीदेखील वेगवेगळी ठिकाणे आहेत. विमानाने जाणाऱ्यांनी टर्मिनल १ की २ एवढेच पाहून भागत नाही. आता नवी मुंबईचेही विमानतळ झाल्यामुळे तिकिटावरचे विमानतळाचे नाव पाहावे. सामान जास्त असेल आणि गाडी सीएसएमटीहून सुटणारी असेल तर दादरला चढण्याचा मोह टाळावा. दादरला गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते. सीएसएमटीला ती सुटण्याच्या बरीच आधी लागलेली असते आणि पेट्या शांतपणे बाकाखाली लावता येतात.