मायचं वर्षश्राद्ध: तिची कामं कशी शोधावी, पुढे कशी चालवावी

माझी माय जेवढी घरात होती तेवढीच गावात होती. घरातली माय आम्हा भावंडांना पाठ होती, गावातली मात्र अर्धीच माहीत होती. अशी बाई तुमच्याही घरातून गेली असेल, तर वर्षश्राद्धाची तयारी आचारी आणि मांडवापासून सुरू करू नका. चार-सहा महिने आधी तिच्या माणसांकडे जायला लागा. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, कापूस-तुरीचं. इथे जे जमलं ते लिहिते.

आधी कोणाकडे जायचं? बचत गटातल्या बाया, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शाळेतली खिचडी शिजवणारी बाई, फाट्यावरचा चहावाला. दुपार उतरली की बाया ओट्यावर तूर पाखडत बसतात, तेव्हा गाठा. हात कामात असले की बोलणं मोकळं होतं. तुम्हीही सूप हातात घ्या. ‘माय कशी होती?’ असं विचारलं तर ‘लय चांगली होती वं’ एवढंच मिळतं. त्याऐवजी ‘ती तुमच्या घरी कधी आली होती, कशासाठी?’ असं विचारा. आमच्या गल्लीतल्या मोठ्या मायनं सांगितलं, “माह्या सुनेले राती दुखाले लागलं, तं तुही माय ऑटोत बसून आर्वीले आली. नातीचं तोंड पाहूनच घरी गेली.” आम्हाला घरात फक्त एवढंच आठवत होतं, की त्या दिवशी सकाळचा चहा वहिनीनं केला होता. दुसरी म्हणाली, “मले सही तिनंच शिकोली. पयले कोळशानं भितीवर, मंग वहीत.” तिनं लगेच बोटानं जमिनीवर सही करून दाखवली. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी नाल्याकाठी दारू गाळली जायची. ती बंद करा म्हणून बाया ठाण्यात गेल्या होत्या. ती हकीकत तिघींनी तीन तऱ्हेनं सांगितली. खरी कोणती ते ठरवत बसू नका, तिन्ही ठेवा.

आवाज मोबाईलवर घ्या, पण आधी सांगून. पंखा बंद करा, फोन दोघींच्या मध्ये उपड्या डब्यावर ठेवा. प्रत्येक बाईची फाईल वेगळी, तिला नाव द्या: कोण, कोणत्या वस्तीतली, कधी बोलली. त्याच रात्री पेनड्राईव्हमध्ये उतरवा. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलं तर फोन बिघडला की आवाजही गेला. शिवाय एका जाड वहीत थोडक्यात लिहून काढा, बाईच्या तोंडचे शब्द आहेत तसेच. ‘मले’चं ‘मला’ करू नका.

आता कागदांचं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून दाखला घ्या, झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा. माय गटाची सचिव होती, म्हणून इतिवृत्ताची वही आमच्या फडताळात होती. ती वही गटाची आहे, आठवण म्हणून घरात ठेवायची नाही. पानांचे फोटो काढा आणि वही परत द्या. गटाला बैठक घेऊन नव्या सचिवाचा ठराव करावा लागतो, तो बँकेत दिल्याशिवाय सही बदलत नाही आणि बायांचे पैसे अडकून पडतात. मायची स्वतःची बचत किती, तिच्या नावावर कर्ज किती, हे त्याच बैठकीत सगळ्यांसमोर मांडून घ्या. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही गटाची पंचसूत्री तिनं आयुष्यभर पाळली. तिचा स्वतःचा हिशेब तरी लटकता राहू नये.

घरचं थोडक्यात सांगते. तिच्या हाताचे पदार्थ आताच मोजून घ्या. तिचं माप मुठीचं होतं, ते ज्या सुनेनं डोळ्यांनी पाहिलं आहे तिच्याकडून वाटीनं मोजून घ्या. कुरडयांना गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, हे सगळ्यांना येतं. चिकाला पाणी किती आणि मीठ कधी, हे वहीत हवं.

मग काम निवडा. एकच, तिच्याच हातचं. आम्ही फाट्यावरची पाणपोई घेतली. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि त्याच्याच पाठोपाठ तहानेल्याला पाणी येतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि एसटीची वाट पाहत लेकुरवाळ्या बाया उन्हात उभ्या असतात. माय गुढीपाडव्याला रांजण मांडायची आणि मृग लागला की उचलायची. रांजण कडुनिंबाच्या दाट सावलीत, विटांच्या ओट्यावर वाळू पसरून त्यात बसवा. वाळू आणि भोवतीचं गोणपाट सकाळ-दुपार भिजवा. नवा रांजण भरून एक-दोन दिवस तसाच ठेवा, ते पाणी झाडाला घाला, मग प्यायला भरा. पाणी नळयोजनेचंच घ्या, गाळून. लाकडी झाकण हवं, आणि लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे कोणाचा हात पाण्यात जात नाही. ओगराळं साखळीनं बांधा. संध्याकाळी उरलेलं पाणी ओतून नारळाच्या काथ्यानं रांजण आतून घासा. हे घासणं टाळलं की दोन दिवसांत बुळबुळीत थर येतो, लोक तोंड फिरवतात आणि पाणपोई नावालाच उरते. ओट्यावर मायचा फोटो लावू नका, असं मी दादाला सांगितलं. पाणी पिणाऱ्याला हात जोडायची पाळी कशाला आणायची?

वर्षश्राद्धाची तिथी कापूस वेचणीत आली तर कार्यक्रम दिवसा ठेवू नका, बायांची रोजी बुडते. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेनंतर घ्या. नदीपलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला हजारो लोक एकाच वेळी मौन पाळतात. आमच्या गावाला ती सवय आहे, तेव्हा हार घालण्याआधी दोन मिनिटं मौन ठेवलं. गटातल्या बायांना पुढे बसवा, पाहुण्यांना मागे. पुढाऱ्यांची भाषणं नकोत. ज्यांच्याकडे तुम्ही ओट्यावर बसला होतात त्यांनी एकेक प्रसंग सांगावा, आणि जिला उभं राहायची लाज वाटते तिचा आवाज फोनवरून ऐकवा. जेवणात झुणका, भाकर, वांग्याची भाजी पुरे. तेरवी असो की वर्षश्राद्ध, सावकाराचं कर्ज काढून पंगत घालू नका, हे मी हात जोडून सांगते. शेजारणींना सावकाराच्या दारातून परत आणायला जिनं गट उभा केला, तिच्या नावानं तरी नको.

पाणपोईच्या पाळ्या त्याच संध्याकाळी, सगळे बसले असताना वाटून घ्या. आठवड्याला एक घर, नाव वहीत, पुढे सही. पहिला आठवडा मायच्या घरचा. एखाद्या घरी लग्न किंवा आजारपण आलं तर शेजारच्या घरानं न विचारता रांजण भरायचा आणि पाळी नंतर बदलून घ्यायची. वही आमच्या घरात ठेवलेली नाही, ती अंगणवाडीत असते. तिथे रोज कोणी ना कोणी जातंच.