पलटणीचं संग्रहालय: ब्रासो आधी हद्दपार करा

साहेबांची भेट ठरली की पलटणीच्या संग्रहालयातली पदकं, बकलं, बिल्ले ब्रासो (धातू चमकवायचं पॉलिश) लावून लखलखीत केले जातात. परेडच्या पट्ट्याला ही सवय शोभते, जुन्या पदकाचं मात्र ती वाटोळं करते. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्याच युद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० किंवा ११७व्या मराठा पलटणीतल्या जवानाचं पदक नेमकं कोणाचं, हे बहुतेकदा त्या एका ओळीवरूनच कळतं. पॉलिशमधली बारीक पूड दर वेळी थोडी चांदी खरवडते. आधी अक्षरं बोथट होतात, मग नाव जातं. कोरडं मऊ सुती कापड आणि नायट्राइलचे हातमोजे पुरेत. घामाचे ठसे धातूत कायमचे उमटतात. साहेबांना काळपट चांदी दिसली तर दिसू द्या. विटलेली मूळ फीत काढून नवी लावणं, हीसुद्धा तसलीच हौस.

पदक पुन्हा पुन्हा काळं पडत असेल तर दोष कपाटात शोधा. लोकरी फेल्ट आणि रबरातून गंधकाची वाफ निघते, ती चांदी काळवंडते. प्लायवूड आणि एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांतून) आम्लाची वाफ येते. शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरली तर ही आम्लाची वाफच कारण समजा. अस्तराला बिनरंगाचं, खळ धुऊन काढलेलं सुती कापड वापरा. नव्या सामानाची परीक्षा अशी: त्याचा तुकडा, चांदी, तांबं, शिसं यांचे घासलेले तुकडे आणि छोट्या नळीत थोडं पाणी, सगळं काचेच्या घट्ट बरणीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस. धातू डागाळला तर ते सामान नको.

गणवेशाच्या पितळी बटणांत अडकलेली पॉलिशची पांढरी पूड लाकडी काडीने अलगद काढा. तारेच्या हँगरवर खांदे फाटतात, जाड गादीचा हँगर करा. कसर लागली की डांबरगोळ्या टाकू नका: कपडा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर २ आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. चित्रं काढलेले ढोल फ्रीजरमध्ये नकोत. रेशमी निशाण काठीला लटकवलं की स्वतःच्याच वजनाने चिरतं, ते सपाट ठेवा. कापडावर उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत हवा.

मराठा पलटणींचं केंद्र असलेल्या बेळगावच्या पावसाळ्यात एसी दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवणं सगळ्यांत वाईट, आर्द्रतेचे हेलकावे वस्तू सोसत नाहीत. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) ६५ टक्क्यांवर गेला की बुरशीची भीती. बंद पेटीत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा. नारिंगी दाण्यांचा रंग पालटला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांपर्यंत वाळवा.

आजोबांची आठवण म्हणून कोणी ग्रेनेड किंवा तोफेचा गोळा आणून दिला तर ‘रिकामाच आहे’ यावर विसंबू नका. हात न लावता माणसं लांब करा आणि बॉम्बनाशक पथकाला बोलवा. पदकं मात्र घ्या, पण देणगी की उसनवार हे कागदावर, सहीनिशी. नाहीतर पुढच्या पिढीतला नातू ती परत मागायला येतो.