मांजरीला गूळ का नको असतो? जीनोमची तुलना शिकताना

यावल तालुक्यात केळीच्या मळ्यात वाढले मी. बीएस्सीला असताना जीनोम, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए, वाचणं हे परदेशातल्या महागड्या यंत्रांचं काम वाटायचं. ही सगळी माहिती फुकट, सगळ्यांना खुली आहे, हे कळायला एमएस्सी उजाडली. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये.

सुरुवात एकाच जनुकापासून करा. मी गोड चव ओळखणारं टास१आर२ घेतलं. एनसीबीआय या अमेरिकेतल्या जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावरून माणूस, कुत्रा, मांजर यांच्या या जनुकातले डीएनए-अक्षरांचे क्रम उतरवले, एकाखाली एक लावले. मांजरीत एका ठिकाणी २४७ अक्षरं गळालेली. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं आणि २४७ ला तीनाने भाग जात नाही, म्हणून तिथून पुढे सगळं वाचनच बिघडतं. वाघातही हीच गळती आहे. आमच्या घरची मांजर दुधासाठी पायात घोटाळते, गुळाचा खडा मात्र हुंगून सोडून देते. त्याचं कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे एका वटवाघळात एक जनुक नाहीसं झालंय, असं मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे मांडलं. जनुक जागेवर होतं. जीनोम लहान तुकड्यांत वाचून मग जोडतात, ते जोडताना तिथे फट राहिली होती. तेव्हापासून जवळच्या जातीतही तीच गळती दिसल्याशिवाय आणि मूळ तुकडे तपासल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही.

मग मोठ्या कामाकडे वळा. झूनोमिया प्रकल्पाने २४० सस्तन प्राण्यांचे जीनोम शेजारी मांडले. निष्कर्ष २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. तिथला प्रश्न उलटा आहे: कोट्यवधी वर्षांत काय बदललं नाही? माणसाच्या जीनोमचा किमान १०.७ टक्के भाग असा जपलेला निघाला आणि त्यातला बराचसा प्रथिनं घडवणाऱ्या भागाबाहेरचा. आजाराशी जोडलेले बदल आधी तिथे शोधायचे.

मला जास्त भिडलं ते संवर्धनाचं. आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती किती सारख्या आहेत, यावरून एकाच प्राण्याच्या जीनोममधून त्या जातीची संख्या पूर्वी किती होती याचा अंदाज येतो. दीर्घकाळ संख्येने कमी राहिलेल्या जातींत घातक बदल जास्त साचलेले आढळले. ओडिशातल्या सिमिलीपालच्या एकट्या पडलेल्या वाघांत काळसर पट्टे का वाढले, हे २०२१ मध्ये अशाच वाचनातून कळलं. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगर-वढोद्याच्या वाघांची ये-जा तुटली तर काय होईल, हे तेव्हा मला नीट समजलं.

हे काम संगणकावर करायचं तर लिनक्स ही प्रणाली आणि पायथन ही संगणकभाषा शिका. संख्याशास्त्र टाळू नका, मी टाळलं आणि एक वर्ष मागे पडले. वाघाच्या विष्ठेतूनही डीएनए मिळतो, पण वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय ती उचलू नका. परवानगीला वेळ लागतो, अर्ज आधीच टाका.