आधी वेळांचा फलक

चालायला बरे पडतील असे बूट, पाणी, चार्ज केलेला फोन. हे काही मी सांगायला नको.

विज्ञान-तंत्रज्ञानाचं मोठं संग्रहालय बघायला निघताना साप्ताहिक सुट्टी कधी असते आणि कुठली दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत, हे मात्र घरूनच बघून निघा. एवढ्या मोठ्या वास्तूत एखादा मजला बंद असतोच, आणि आपल्याला हवं असलेलं विमान नेमकं तिथेच टांगलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. आत शिरलात की प्रात्यक्षिकांच्या वेळांचा फलक शोधा आणि त्याचा फोटो काढा. कोट काढून ठेवायच्याही आधी. मागच्या वेळी मी हे केलं नाही. दीड तास खनिजांच्या कपाटांपुढे रेंगाळलो आणि विजेच्या दालनात पोचलो तेव्हा माणसं बाहेर पडत होती. फॅरेडेच्या पिंजऱ्यात माणूस बसवतात आणि वरून वीज पाडतात, ते प्रात्यक्षिक. प्रवाह पिंजऱ्याच्या धातूतून बाहेरच्या बाहेर निघून जातो, म्हणून आतल्याला काही होत नाही. मुलाला हे मी आदल्या रात्री चित्र काढून समजावलं होतं. आमच्या वाट्याला आला तो ठिणग्यांमागे उरलेला ओझोनचा तिखट वास आणि दाराला दोरी लावणारा कर्मचारी. पुढचं प्रात्यक्षिक थेट दुसऱ्या दिवशी. ‘वास तरी खरा आहे ना?’ असं मुलानं विचारलं. काय सांगणार?

तेव्हा वेळा आधी, नकाशा नंतर. वाफेची इंजिनं दिवसभर फिरत नाहीत, ती चालवून दाखवायची वेळ ठरलेली असते. तारांगणाचं दार खेळ सुरू झाला की बंद. शिकागोच्या संग्रहालयात १९४४ साली पकडलेली यू-५०५ ही जर्मन पाणबुडी आहे, ती बाहेरून हवी तेवढी बघा. आत शिरायला वेगळं तिकीट, त्यावर ठरलेली वेळ. अशा वेळा कागदावर एकाखाली एक लिहा आणि उरलेला दिवस त्यांच्या मधल्या फटींत बसवा. उलटं करू नका. मी उलटं केलं होतं.

फटींत काय बसवायचं? लंबक. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवायला फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला टांगला होता, तशाच जातीचा. पाच मिनिटं बघून ‘काही होत नाही’ म्हणत निघून जाणारे लोक मी पाहिलेत. लंबकाची झुलण्याची दिशा म्युनिकच्या अक्षांशावर तासाला साधारण ११ अंश सरकते, विषुववृत्ताजवळ जवळजवळ नाहीच. तेव्हा आल्याआल्या कुठल्या खुणेवर आहे ते टिपा आणि तासाभरानं परत या.

सगळं बघायचा हट्ट सोडा, दोनच विभाग निवडा. वस्तूखालच्या पाटीवर निदान एवढं वाचा: मूळ आहे की नंतर बांधलेली. लंडनमधलं डिफरन्स इंजिन क्रमांक २, म्हणजे बॅबेज या इंग्रज गणितज्ञाचं आकडेमोडीचं यंत्र, त्याच्या आराखड्यांवरून १९९१ साली उभं राहिलं. तो बिचारा १८७१ मध्येच गेला. पाटी न वाचणारा त्यानंच ते फिरवलं असं घरी येऊन सांगतो.

शाळांच्या सहली बहुधा सकाळी असतात, त्यामुळे बटणं दाबायची दालनं दुपारी. मुलं दमली की बाकावर बसवा, ओढत नेऊ नका. मधेच फोटो उघडून वेळा पुन्हा बघा. हो, पुन्हा. दालन दुसऱ्या टोकाला असेल तर वीस मिनिटं आधी निघा, पुढची रांग तेव्हाच भरते.

दुकान शेवटी. दालनं संग्रहालयाच्या आधीच बंद व्हायला लागतात. कोट, पिशवी, लॉकरची किल्ली.