पंख्याचा कपॅसिटर तपासण्यासाठी घरगुती मीटर

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमका तेव्हाच छताचा पंखा रेंगाळू लागतो. अशा वेळी मोटर जळाल्याचे गृहीत धरण्याआधी 2.5 मायक्रोफॅरड (क्षमतेचे एकक) क्षमतेचा कपॅसिटर, म्हणजे मोटर फिरायला मदत करणारा वीज साठवणारा भाग, तपासावा, कारण दोष बहुधा त्यातच असतो.

त्यासाठी 12 व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर (अॅडॉप्टर नव्हे, त्यातून बहुधा डीसी म्हणजे एकाच दिशेची वीज मिळते, इथे एसी म्हणजे दिशा बदलणारी हवी), 1 किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणि स्वस्तातला मल्टिमीटर पुरेसा आहे. मेन स्विच बंद करून कपॅसिटर काढावा आणि त्याची दोन्ही टोके 10 किलोओहमच्या रेझिस्टरने काही सेकंद जोडून त्यात साठून उरलेला विद्युतभार उतरवावा. ही पायरी कंटाळा करून गाळू नये. नंतर रेझिस्टर व कपॅसिटर एकापुढे एक जोडून ट्रान्सफॉर्मरच्या 12 व्होल्टच्या तारांना लावावेत आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमधला एसी व्होल्टेज मोजावा.

पुरवठा बरोबर 12 व्होल्ट, 50 हर्ट्झ असेल, तर 2.5 मायक्रोफॅरडला सुमारे 7.4 व्होल्ट दिसतात, 3.15 मायक्रोफॅरडला 8.4, आणि क्षमता 1.5 पर्यंत घसरलेली असल्यास केवळ 5.1. लहान ट्रान्सफॉर्मर कमी भारावर 13-14 व्होल्टही देतो, म्हणून पुरवठा आधी मोजून आकडे त्याच प्रमाणात वाढवावेत. शून्य दिसल्यास कपॅसिटर आतून तुटलेला असतो. पूर्ण पुरवठा दिसल्यास शॉर्ट. धन-ऋण खुणा असलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र या जोडणीत कधीही लावू नये, तो फुटू शकतो.