वेबमेल लॉगिन होईना? पासवर्ड बदलायच्या आधी हे तपासा

मेल उघडेना झाला की पहिली मागणी ठरलेली असते, 'पासवर्ड रिसेट करून द्या.' कडेकोट बंदोबस्ताच्या सर्व्हरवर तो बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. इथे उदाहरण घेऊ राउंडक्यूब वेबमेल (ब्राउझरमध्ये मेल दाखवणारा प्रोग्राम) आणि त्यामागच्या डव्हकॉटचं (मेल साठवून लॉगिन तपासणारा सर्व्हर), कारण ही जोडी सगळीकडे भेटते.

आधी पडद्यावरचा मेसेज शब्दशः वाचा. 'लॉगिन फेल्ड' असेल, तर डव्हकॉटने विनंती ऐकली आणि नकार दिला. 'कनेक्शन टू स्टोरेज सर्व्हर फेल्ड' असेल, तर राउंडक्यूब डव्हकॉटपर्यंत पोचलंच नाही. अशा वेळी पासवर्ड दहादा बदला, फरक पडणार नाही.

नकार असेल तर पूर्ण ईमेल पत्ता टाकून पाहा, नुसतं नाव नको. पासवर्ड कॉपी करताना शेवटी चिकटलेली स्पेस हा नेहमीचा चोर. तरीही जमत नसेल, तर अॅडमिनने सर्व्हरवर 'डव्हअॅडम ऑथ टेस्ट' (doveadm auth test) ही थेट डव्हकॉटकडून पासवर्ड तपासणारी कमांड चालवावी. तिथे पासवर्ड चालला, तर दोष वेबमेलच्या बाजूला.

लॉगिनचं पानच उघडत नसेल, तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. उघडलं? मग तुमचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, फेलटूबॅनने (वारंवार पासवर्ड चुकवणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) अडवला असण्याची दाट शक्यता आहे. त्याचा मूळ हिशेब असा: 10 मिनिटांत 5 चुका, की 10 मिनिटं बंदी. वेबमेल वेगळ्या मशीनवर असेल तर गंमत होते. डव्हकॉटला सगळ्यांचा पत्ता त्या एकाच मशीनचा दिसतो. एकाने पाचदा पासवर्ड चुकवला की अख्खं ऑफिस बाहेर! त्या मशीनचा आयपी अपवादांच्या यादीत घाला आणि बंदीचा निर्णय राउंडक्यूबच्या स्वतःच्या लॉगवर सोपवा, कारण खऱ्या ब्राउझरचा पत्ता तिथे नोंदलेला असतो.

आता सगळ्यात चकवणारा प्रकार. सर्व्हरच्या टर्मिनलवरून डव्हकॉटच्या 993 पोर्टला (सुरक्षित मेल जोडणीचं दार) जोडणी होते, ब्राउझरमधल्या वेबमेलमधून मात्र नाही. रॉकी किंवा अल्मालिनक्स या सर्व्हरच्या लिनक्स प्रणालींवर असं झालं तर एसई-लिनक्सकडे, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याकडे, बोट दाखवा. वेब सर्व्हरला बाहेर नेटवर्क जोडणी करायची परवानगी तिथे मुळातच बंद असते. बरेच जण अख्खं एसई-लिनक्सच ढिलं करतात आणि मेल चालू झाला म्हणून विसरून जातात. किल्ली अडकली म्हणून दारच काढून ठेवण्यातला प्रकार हा! 'एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट' (httpd_can_network_connect) एवढा एकच स्विच चालू करा, आणि तोही कायमचा. नाहीतर रीबूटनंतर पुन्हा तेच रडगाणं.

मग सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. राउंडक्यूबच्या सेटिंगमध्ये 'लोकलहोस्ट' आणि सर्टिफिकेटवर मेल सर्व्हरचं नाव असेल, तर पीएचपी (राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलंय ती) 5.6 पासून सुरक्षित जोडणीत ही विसंगती चालत नाही. तपासणी बंद करू नका, सेटिंगमध्ये खरं नाव लिहा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं 90 दिवसांचं सर्टिफिकेट नवं आलं, तरी डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत राहतो. ब्राउझरमध्ये साइटच्या कुलपाचं चिन्ह ठणठणीत आणि मेल बंद, असं दिसलं तर हेच पाहा.

'सेशन इनव्हॅलिड' आलं तर इनकॉग्निटो विंडोत उघडून बघा. तिथेही तेच आलं, तर सर्व्हरची डिस्क भरली आहे का ते पाहा.