पहिली डांगी गाय दावणीला बांधण्याआधी

नाशिकची नोकरी सोडून अकोले तालुक्याच्या डांगाणात, म्हणजे डोंगराळ पावसाच्या पट्ट्यात, सासरी कायमची राहायला आले, त्याला सात वर्षं झाली. तेव्हा दावणीला दोन गाई होत्या, आज लहानमोठी अकरा जनावरं आहेत. डांगी पाळू पाहणारे भेटतात, त्यांचा पहिला प्रश्न दुधाचा असतो. मी खरं ते सांगते. वासराचा वाटा सोडून आमची गाय दिवसाला दीड-दोन लिटर देते. लिटरवर घर चालवायचं असेल तर ही गाय घेऊ नका.

डांगी ही पावसाची गाय. अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि पलीकडे गुजरातचा डांग हा तिचा मुलूख. मला हे ऐकून माहीत होतं, कळलं मात्र चुकीतून. पहिल्याच आषाढात गाय स्वच्छ दिसावी म्हणून मी आमच्या चांदी गाईला कपड्याच्या साबणाने घासून धुतलं. संध्याकाळी ती पावसातून चरून आली आणि उभी थरथरायला लागली. गोणपाट पांघरून, शेकोटी करून आम्ही रात्र काढली. आबा, म्हणजे माझे सासरे, रागावले नाहीत. सकाळी त्यांनी माझा हात धरून दुसऱ्या गाईच्या पाठीवरून फिरवला. वरून पाणी निथळत होतं आणि माझ्या तळव्याला तेलाचा ओशटपणा लागला. हे तेल कातडीतूनच सुटतं, म्हणून पाणी अंगात मुरत नाही. साबणाने मी तेच काढून टाकलं होतं. अंग पुसायला पेंढ्याचा बोळा पुरतो.

गोठा बंद भिंतींचा करू नका. कुडाचा, वारा खेळेल असा, जमिनीला उतार असलेला चालतो. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, लाळ्या खुरकूतची वर्षातून दोनदा, आणि लम्पीची चुकवू नका. 2022 साली लम्पीने राज्यात काय केलं ते आम्ही विसरलेलो नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात नसते, मार्चनंतर असते. दिवाळीपर्यंत डोंगर पोसतो, पुढे हळूहळू सगळा भार पेंढ्यावर आणि कापून ठेवलेल्या गवतावर येतो. तीनशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण आठ किलो सुका चारा लागतो. थोडं रानात मिळेल असं धरून मी सहा किलो मोजते. मार्च ते मध्य जून, 105 दिवस. एका गाईला सहा क्विंटलच्या वर झालं. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चारा तीन गाईंचा होता आणि गाई पाच. त्यात परतीच्या पावसाने उडवीचा, म्हणजे रचलेल्या पेंढ्याच्या ढिगाचा, तळ भिजला, काळी बुरशी धरली आणि तो पेंढा फेकावा लागला. मे महिन्यात दुप्पट भावाने विकत आणला. आता उडवी दगडांवर लाकडं टाकून रचतो, आणि उडवी बघूनच गाय वाढवायची की नाही ते ठरतं.

पैसा कुठून येतो? बैलजोडीतून. डांगीचे खूर काळे, गारगोटीसारखे टणक असतात. भाताच्या खाचरात चिखलणीला डांगी बैल दिवसभर चालतो. गोऱ्हा कामाला तयार केला की त्याची किंमत होते. शेण राबाला, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायला, आणि खाचराला जातं, तेही मी हिशेबात धरते. मात्र 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हातारा बैल शेवटपर्यंत तुम्हीच सांभाळणार, त्याचा चारा आधीच बाजूला धरा. आणि देशी गाईमागे रोज 50 रुपये मिळतात असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, राज्य सरकारचा 2024 चा तो निर्णय गोशाळांसाठी आहे, घरच्या दावणीसाठी नाही.

घाई करून गाय घेऊ नका. राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन बघा, घोटीच्या बाजारात नुसते हिंडा, मग मालकाच्या घरी जाऊन गाय चालताना पाहा. कानात ओळखीचा बारा अंकी बिल्ला हवाच. रेतनाला डॉक्टर आले तर डांगीचीच रेतमात्रा आणायला आधी सांगून ठेवा, नाहीतर दोन पिढ्यांत वाण हातचा जातो.

डांगीला पहिल्या वेताला उशीर फार. त्यात चांदीच्या पाडीचा मुका माज, हंबरणं नाही की काही नाही; दोनदा माझ्या लक्षातच आला नाही. साडेचार वर्षांची झाली तेव्हा ती पहिल्यांदा व्याली, रात्री साडेदहाला. वार (जार) पडायची वाट न पाहता वासराला चीक पाजायचा, हे तोवर मला कळलं होतं. वार लोंबत होती, पण आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. बारा तास उलटले तरच डॉक्टर, असं ठरलं. पहाटे पाचला वार आपोआप पडली. आबांनी खड्डा करून पुरली, वर दगड ठेवला. ते हात धुऊन आले तेव्हा वासरू पुन्हा आईच्या सडाला लागलं होतं.